किंवा

पत्र माझ्याच टेबलावर आलं.
शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला,
एकशे सात शाळांना पुढे पाठवलं,
‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’.
दर बुधवारी प्रत्येक विद्यार्थ्यास एक अंडे
किंवा
स्थानिक पातळीवर सहज उपलब्ध होणारे फळ.

सहज उपलब्ध.
खिडकीबाहेर सावद्याच्या रस्त्यावर
हिरव्या घडांनी ठासलेले ट्रक उभे,
दिल्लीकडे तोंड करून.

आमच्या घरी केळं कधी विकत आणलं नाही.
बाप कटाईला जायचा, डोक्यावर चुंबळ,
चुंबळीवर दुसऱ्याच्या मळ्यातला घड.
घरी यायची ती फणीतून निखळलेली,
व्यापाऱ्यानं पायानं बाजूला सारलेली.
सकाळी केळं. रात्री कळण्याच्या भाकरीशी केळं.
कच्चं निघालं तर त्याचीच भाजी.
त्याच्या सदऱ्यावर चिकाचे काळे डाग,
त्याच्या मांडीवर बसून बसून माझ्याही फ्रॉकवर.
पोरी म्हणायच्या, ही कपडे धुतच नाही.
चीक धुऊन जात नाही,
हे मी आजवर कुठल्याही परिपत्रकात वाचलेलं नाही.

‘किंवा’ ज्यानं लिहिलं
त्यानं चांगल्या मनानंच लिहिलं असेल.
कुणाच्या घरी अंडं चालत नाही,
कुणाचा उपवास, कुणाची माळ.
पण अंड्याला पैसे लागतात, आणि ते
उन्हाळ्यातल्या सुकी नदीसारखे,
नकाशात असतात.
दोन महिने मुख्याध्यापकांनी पदरचे घातले.
मग एक बागायतदार म्हणाले,
गुरुजी, दोन घड घेऊन जा, आपलेच आहेत.
बिल शून्य.
त्या तिमाहीत तालुक्यातल्या एकशे चार शाळांनी
‘फळ’ या चौकोनात खूण केली.
पर्याय मुलांना होता.
मुलांना कुणी विचारल्याची नोंद नाही.

माझी आई त्यांपैकी एका शाळेत भात शिजवते.
मानधन चार महिन्यांचं बाकी आहे;
ती फाइलही माझ्याच कपाटात, खालून तिसरी.
तिनं मला कधी विचारलं नाही,
मीही कधी विषय काढला नाही.

ती सांगते, बुधवारी झिंग्या बारेला
अंडं सोलायचाच नाही. खिशात घालायचा.
घरी बहीण होती, अजून शाळेच्या वयाची नसलेली,
म्हणजे आमच्या कुठल्याच तक्त्यात नसलेली.
आई बघायची आणि
वरणाची पळी जरा जास्त भरायची.
आता तो केळं हातात घेतो,
उलटंपालटं करतो, परत टोपल्यात ठेवतो.
‘हे त घरी हाये, काकू. अंडं कधी येईन?’

माझ्याकडे आकडे येतात.
बुधवार, पूर्वी एकसष्ट.
बुधवार, आता चव्वेचाळीस.
तक्त्यात शेवटी ‘शेरा’ असा रकाना असतो.
आम्ही तिथे ‘निरंक’ लिहितो.
निरंक लिहायला हात इतका सरावलाय
की एकदा भाच्याच्या वाढदिवसाच्या पाकिटावर
नावाच्या जागी तेच लिहून बसले.

काल रात्री आईचा फोन.
तिच्या कोंबड्या अंड्यावर आल्यात, त्या सांगण्यातच दहा मिनिटं.
मग म्हणाली, अकरा नेली होती आज.
उकडली, दोऱ्यानं कापली,
एकाच्या चार फोडी.
विळीनं कापलं की बलक सांडतो, दोऱ्यानं नाही.
चव्वेचाळीस पोरं, बरोब्बर पुरलं.
झिंग्यानं त्याची फोड
वहीच्या कागदात गुंडाळली.

‘सर म्हनतात नोंद कराले लागते.
तू त हापिसात हाये, तूच सांग,
पाव अंडं कोनत्या खान्यात लिहू?’

मी तक्ता उघडला.
अंडे. फळ. दोन्ही नाही.
फोन चालूच होता,
पलीकडे खुराड्याचं दार लावल्याचा आवाज आला,
आणि मी पुन्हा पहिल्या रकान्यापासून
वाचायला लागले.