चाती

मे महिन्यात मेडिकलच्या लॅबमध्ये
मेणाचे ठोकळे मऊ पडतात.
कापायच्या आधी बर्फावर ठेवावे लागतात,
मग पातं नीट चालतं.
चार मायक्रॉनचा पापुद्रा
कोमट पाण्यावर सोडला की
अंगावरच्या सुरकुत्या मोडत पसरतो,
आणि मी काच खाली सरकवून त्याला उचलते,
एकवीस वर्षं झाली.

डोमाजी पराते, एकसष्ट, तांडापेठ.
उजव्या पावलावर सात जांभळे डाग.
किडनी बसवून चौदा महिने.
चिठ्ठी देताना खिडकीतून म्हणाले,
"जांभळं तुडवल्यावानी दिसून राहिलं वो ताई,
दुखत तं काहीच नाही."
बोटांच्या पेरांवर धाग्याचे जुने काप.
माग विकला, काप राहिले.

डॉक्टरणीने मला दुसऱ्या नळीतून पाहू दिलं.
लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी,
त्यांच्या फटींतून वाट चुकलेलं रक्त.
रिपोर्टात यांना स्पिंडल म्हणतात.
चाती, मी म्हटलं.
कोष्ट्याच्या पायात
चातीच भरल्या आहेत.
डॉक्टरणी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी अँटिबॉडी लावली.
केंद्रकांत तपकिरी ठिपके उमटले,
खसखस भाजताना हात जरा चुकावा तसे.
म्हणजे तो होता.
कांजिण्या ज्या घराण्यातल्या, नागीण ज्या घराण्यातली,
त्या घराण्यातला आठवा.
याच्या जन्माला कुणी पाळणा हलवत नाही.

लगेच मारत नाही तो.
जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचं टोक
वळून सांधतात ना,
तसा गुणसूत्राला स्वतःला सांधून घेतो.
पेशीच्या दोन झाल्या की दोन्हीकडे असतो.
वर्षानुवर्षं असा, बिनबोभाट,
राखणदार जागा आहे तोवर.

आणि राखणदाराला तर आम्हीच
सकाळ-संध्याकाळ गोळ्या देत होतो,
बहिणीची किडनी त्याला परकी वाटू नये म्हणून.
त्याचा डोळा लागला.
आठव्याचा उघडला.

बहीण सुगंधा. उमरेडहून पहिल्या एसटीने येते,
बाकावर डबा मांडीवर घेऊन बसते,
उघडत नाही.
तिने विचारलं ते डॉक्टरांना नाही, मला,
कदाचित मी पांढरा कोट घालत नाही म्हणून:
"माह्या किडनीतून तं नाही ना गेलं काही त्याच्यात?"

जाऊ शकतं.
आधीपासून त्याच्यातच असू शकतं.
तिच्यात आणि त्याच्यात, दोघांतही.
ठिपका सांगतो मी आहे.
कुठून आलो, ते सांगत नाही.

मी गप्प, तर तीच बोलत राहिली
लहानपणाचं काहीबाही:
माय मागावर बसायची, वेळ नसायचा,
भाकर चावून चावून
एक घास त्याला, एक मला.

हा लाळेतून जातो, हे मला माहीत आहे.
तिला मी सांगितलं, पाणी पिऊन घ्या बाई,
ऊन फार आहे.

गोळ्या बदलल्या. मात्रा उतरवली.
दिवाळीआधी डोमाजी आले,
चप्पल काढून पाय थेट खिडकीच्या कठड्यावर.
डाग चहा सांडून पुसल्यासारखे.
"पाहा. उडाला. कच्चा रंग होता वाटते."
शिपायासकट सगळे हसलो.

सुगंधाबाई हसत नव्हत्या.
त्यांच्या हातात दुसरा कागद होता, रक्ताचा.
क्रिएटिनिन एक पूर्णांक तीन होतं,
आता एक पूर्णांक आठ.
आकड्यावर अंगठा ठेवून त्या उभ्या होत्या,
जसं आपलं दिलेलं मूल
दुसऱ्याच्या घरी रडताना ऐकू यावं
आणि आत जाता येऊ नये.

"उतरेल का हो पुन्हा?"

माझ्या ट्रेमध्ये सोळा ठोकळे होते.
मी बर्फ बदलला.