मिश्री

दोन महिने प्लास्टरच्या दातांवर.
ते ना थुंकतात, ना कण्हतात.
मॅडम म्हणायच्या, "स्केलर पेनासारखा धर,
खुरप्यासारखा नको."
हात मात्र भांगलणीचा, कवठेपिरानचा.

आज खुर्चीत पहिलं खरं तोंड.
इंदूबाई ढोबळे,
सांगलीच्या यार्डात हळद निवडतात.
नखं पिवळी.
पदराआडून म्हणाल्या,
"मिश्री लावते गं, रागावू नको."

खालच्या दातांमागं
चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखा थर.
बोट हिरडीशी टेकवलं, हात थांबला.
मग टक्‌कन एक खपली सुटली.
त्यांनी जिभेनं चाचपलं,
"अगं बया, हितं फट हुती व्हय?"

रात्री हॉस्टेलवरून आईला फोन.
कोनाड्यातल्या तिच्या डबीचं विचारायचं होतं.

विचारलं,
जेवलीस का.