हक कमी

कोठी कचेरीच्या लिमड्याखाली माझं टेबल.
एकोणीस वर्षं दस्त टाइप करते,
त्यातले निम्मे बहिणींचे.
आपल्या मराठीत हक्कसोड, इथल्या गुजरातीत हक कमी.
मराठीत निदान काहीतरी हातातून सुटतं,
गुजरातीत सरळ वजाबाकी.
बायका सही करतात, पेन परत देतात
आणि भावाच्या गाडीतून सेव-उसळ खायला जातात.

वाघोडिया रोडला हाउसिंग बोर्डाचं आमचं क्वार्टर,
बाबांच्या नावाचं,
बाबा गेल्यावरही बाबांच्याच नावाचं.
मागची खोली मी भाड्यानं दिली
मसरिझालला. सुमात्राचा.
फाइन आर्ट्सला लाकूड कोरायला आलेला,
वय छत्तीस, सामान एक बॅग
आणि कॉफीच्या पानांची पुडी.
बिया नव्हेत, पानं.
भाजायची, उकळायची, करवंटीतून प्यायची.
धुराचा वास. मी एकदाच संपवली.

तो सांगायचा:
सिंगालांगच्या उतारावर आमची चाळीस घरं,
म्हशीच्या शिंगांसारखी छपरं, खाली भातखाचरं,
आणि सगळं आईचं.
आधी तिच्या आईचं, पुढे बहिणीचं, मग तिच्या पोरीचं.
विकायचं नाही.
गहाण टाकायचं तर चारच कारणांसाठी:
छप्पर गळू लागलं,
लेक बिनलग्नाची राहिली,
घरात प्रेत आणि मातीला पैसे नाहीत,
नाहीतर कुळाच्या प्रमुखाला गादीवर बसवायचंय.

पाचवं कारण?
नाही.
मुलाला परदेशी जायचंय, हे नाही चालत?
तो हसला. मुलगा जातोच, म्हणाला,
त्याला गहाण कशाला लागतं.

त्या दिवशी मी तीन हक कमी टाइप केल्या,
तिन्हींत 'राजीखुशीथी' लिहिताना
बोट जरा अडलं.

मग एकदा विचारलं, आणि तुझं काय रे त्यात?
सात-आठ वर्षांचं झालं, म्हणाला,
की रात्री घरात झोपायचं नाही,
नमाजघरात, बाकीच्या पोरांबरोबर.
मिसरूड फुटलं की गाव सोडायचं.
लग्न झालं की बायकोच्या घरी.
आमच्यात म्हणतात, जावई म्हणजे
जळक्या खुंटावरची राख.
एक फुंकर बास.
त्याला बायको होती. फुंकर कुणी मारली
ते त्यानं सांगितलं नाही.
रात्री गच्चीवर त्याच्या चपला वाजायच्या,
टाकीपासून कठड्यापर्यंत,
कठड्यापासून टाकीपर्यंत.
पाडांग, पेनांग, बडोदं फिरलेला माणूस
वीस पावलांत.

होळीनंतर तो गेला.
मे महिन्यात शिरीष आला मस्कतहून,
एका हातात खजूर, दुसऱ्यात स्टॅम्प पेपर.
तूच टाइप कर ताई, बाहेर कशाला पैसे द्यायचे.

मी बसले. नाव, वय, धंदा.
चतुःसीमा बघावी लागली नाही:
पूर्वेला जाडेजांचं क्वार्टर, पश्चिमेला रस्ता,
उत्तरेला पाण्याची टाकी,
दक्षिणेला आईनं लावलेला
आणि कुणाच्याच नकाशात नसलेला सीताफळ.
'राजीखुशीथी'पाशी थांबले.

छप्पर गळत नाहीये, म्हटलं.
काय?
घरात प्रेत नाही. लग्नाची लेक नाही.
तो बघत राहिला. बरी आहेस ना?
मग खजुराचा डबा उघडत, बंद करत म्हणाला,
ताई, माझं तिथं काहीच नाहीये गं.
उद्या शेठ म्हणाला जा, तर

त्याचं वाक्य तिथंच राहिलं.
कागदावरचंही.

रात्री त्याची गादी मागच्या खोलीत घातली.
सिंकखाली करवंटी अजून होती, ती तशीच ठेवली.
मी दार ओढून घेतलं, दिवा मालवला,
आडवी झाले.

आतून हाक आली,
ताई, पंख्याचं बटण कुठलं?

बावीस वर्षं.

डावीकडून तिसरं, म्हटलं.
पहिलं चालत नाही.