कोपरावर रेलून

हर्षदाचा फोन येतो तेव्हा तिच्याकडे सकाळ असते,
माझ्याकडे कूलरच्या टाकीत पाणी ओतायची वेळ.
"बाबा, हे बघा," ती म्हणते, आणि स्क्रीनमध्ये येतं
काळ्या वाळूचं एक गोल तळं,
ज्वालामुखीच्या विझलेल्या तोंडात साचलेलं.
तिथून तासाभरावर समुद्र आहे म्हणे.
ती दोन्हींच्या मध्ये राहते
आणि एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांतला पोपडा धरलेला रंग
सुईएवढ्या नळीने पुन्हा भिंतीला चिकटवते.
एका भिंतीवर एक मुलगा खडकावरून सूर मारतोय.
अडीच हजार वर्षं झाली,
अजून पाण्यावर आदळला नाही.

मी विचारतो, जेवलीस का?

नागपूरहून समुद्र कुठूनही लांबच.
माझ्या बायकोचं नाव सिंधू होतं,
आणि तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी
म्हणजे पेंचचं धरण, तेही बसच्या खिडकीतून.

एकतीस वर्षं मी जुनापाणीचे दगड काढले.
काढले म्हणजे कागदावर.
गोरेवाड्याच्या तलावापल्याड, काटोल रोडला,
वर्तुळ अमुक, व्यास तमुक, उत्तरेचा बाण.
काळ्या धोंड्यांच्या गोलात कुणीतरी निजलेलं,
उशाशी लोखंड, एखादं मडकं, कुणाच्या सोबतीला घोडा.
धोंड्यांवर ओळीने वाटीएवढे खळगे.
साहेबलोक भांडायचे, हे तारे की हे दिवस.
मी खोली लिहायचो, मिलिमीटरात.

हर्षदा म्हणाली, तिथल्या लोकांची लिपी वाचता येते,
अक्षर न् अक्षर उच्चारता येतं,
अर्थ मात्र थोडाच लागतो.
मला तिचे मेसेज आठवले :
"मी ठीक आहे, बाबा."

काल तिने फोटो पाठवला.
एका शवपेटीचं झाकण, भाजक्या मातीचं,
त्यावर नवरा-बायको, जेवणाच्या पंगतीला असावेत तसे,
एकाच खाटेवर, कोपरावर रेलून,
त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघं हसताहेत,
आणि समोर जे कोणी असेल त्याची दोघांना पर्वा नाही.
शेजारचे ग्रीक यावरून नाकं मुरडत, असं तिने खाली लिहिलंय.

आम्ही चारचौघांत एका खाटेवर कधी बसलो नाही.
गोळीबार चौकात, दोन खोल्यांत, माझी आई, दोन भाऊ,
सिंधू दाराच्या आत, मी दाराच्या बाहेर.

फक्त एकदा, अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या हिवाळ्यात,
मी डबा विसरलो आणि ती बस बदलून साइटवर आली.
पाटोडीचा रस्सा सांडून पिशवी पिवळी झालेली.
मजूर पांगले होते. ती सतरा नंबरच्या धोंड्यापाशी
कोपर टेकून आडवी झाली, चपला काढून,
आणि बोटाने एक खळगा चाचपत म्हणाली,
"याच्यात चटणी वाढत असतील."
मी म्हटलं, ऊठ, सरकारी दगड आहे.

आज पहाटेच निघालो. थर्मास, टेप घेतला, सवयीने.
पळस निष्पर्ण. वाळल्या गवतात टिटवी ओरडत होती.
सतरा नंबर जागेवरच.
गुडघ्यांना विचारत विचारत मी खाली बसलो,
मग कोपर टेकलं, मग उरलेला मी.
धोंडा गार होता. खळग्यात
रात्रीचं दव, एका मुंगीपुरतं तळं.

सोमा उईके, चौकीदार, काठी टाकून धावत आला :
"साहेब! चक्कर-गिक्कर आली का जी?"

नाही रे, म्हटलं. हा फोन घे.
एक फोटो काढ, पोरीला पाठवायचाय.

तो मागे सरकला, एक डोळा मिटला.
"एकटेच हाव ना जी?
जवळून काढतो मंग."

लांबूनच काढ, म्हटलं.
आणि थोडा डावीकडे धर.
इकडची जागा येऊ दे.