साडेनऊ

स्टीलची सुई नको, पितळेची घे.
स्टील ओरखडा काढतं,
आणि ओरखड्यातून हवा सुटते,
केसाएवढी, न थांबता.
पहिल्या दिवशी मानांग लिब्राडानं इतकंच शिकवलं,
मालापास्कुआच्या किनाऱ्यामागे, पत्र्याच्या खोलीत,
जिथे जनरेटर ऐकू येतो, समुद्र नाही.

टॉवेलवर खोललेला रेग्युलेटर:
पिस्टन, स्प्रिंग, पडदा,
आणि चाळणी, मोरचुदासारखी हिरवी.
कुणीतरी झाकण न लावताच धुतला.
मानांग कुणाला नावं ठेवत नाही.
माउथपीसवरचे दातांचे ठसे मात्र उजेडात धरते:
‘हा घाबरला होता. आरपार चावलंय.’

व्हिनेगरच्या पाण्यात पितळ फसफसतं.
जुन्या ओ-रिंगा सगळ्या फेकायच्या,
चांगल्या दिसल्या तरी.
चांगल्या दिसल्या तर आधी.
नवीला ग्रीस
ओठांना लावतो तेवढंच. चमक यावी, थर नको.

मग जोडणी. मग टाकी उघडून
काट्यासमोर बसायचं.
साडेनऊ बार.
तिथे थांबला तर ठीक.
सरकला, दहा, सव्वादहा, मुंगीच्या पावलानं,
तर आत कुठेतरी बैठक झिजलीय;
पुन्हा सगळं खोल.

‘झालं ना?’ मी विचारतो.
‘दम धर,’ ती म्हणते,
आणि मला हसू फुटतं, कारण बाहेर भिंतीवर
पाहुण्यांसाठी पहिलाच नियम रंगवलाय:
पाण्याखाली कधीही दम धरू नका.

ती हसत नाही.

बोटीवरच्या पोरांनी नंतर सांगितलं:
तिचा सोतेरो चाळीस मीटर उतरायचा,
तोंडात नुसती पिवळी प्लास्टिकची नळी,
दुसरं टोक टायरला हवा भरायच्या कॉम्प्रेसरला.
ना पिस्टन, ना पडदा.
डिझेलच्या वासाची हवा.
मासळी भरपूर यायची.

नळी इथेच आहे, खिळ्याला, गुंडाळी करून.
मी रोज तिच्याखाली चप्पल काढतो.
परवा पहिल्यांदा टोक पाहिलं.
त्यावरही दात आहेत.

दहा मिनिटं. काटा हलला नाही.
मानांग रेग्युलेटर तोंडात धरते, डोळे मिटते,
कोरड्या खोलीत तीन श्वास घेते,
चौथा फार हळू सोडते.
पोहायला ती कधी शिकली नाही.

मग चिठ्ठी: तारीख, सही.
पहाटे पाचच्या बोटीनं कुणी हेन्रिक
शार्क पाहायला जाणार आहे.
त्याला व्हिनेगरचा वास आला
तर येऊ दे.