सव्वा तास

पाच चाळीसला सुरू झालं.
घड्याळ पाहिलं, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या
लिहून ठेवा: कधी, किती वेळ, आधी काय खाल्लं.
वहीत सोळा संध्याकाळी आहेत.
कारणाच्या रकान्यात माझीच खाडाखोड.

कान तपासून झाले, दाढा तपासून झाल्या,
बडीशेपेचं पाणी झालं, दिवे घालवून झाले.
आईला फोन केला.
ती म्हणाली, तूही अशीच होतीस,
आणि तिच्या आवाजात इतक्या वर्षांनी
फिटलेल्या उधारीचं समाधान होतं.

आज म्हणे केळं मोडलं.
मीच मोडलं, अर्धं तिला, अर्धं मला.
कालिनाला ते पुन्हा अखंड हवंय.
आणि मी, दिवसभर लोकांच्या कवळ्या
घासूनपुसून जबड्यात नीट बसवणारी बाई,
खरंच दोन तुकडे हातात घेऊन
एकमेकांना लावून पाहते.

मग ते केळंही राहत नाही.
मग नुसतं रडणं, शेंडा ना बुडखा,
पाठीची कमान, टाचा जमिनीवर,
जवळ गेलं की लाथ, लांब गेलं की टाहो.
तिचा बाप बोटीवर, बाल्टिकच्या पलीकडे कुठेतरी.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी
हीटरच्या नळीवर चमचा हाणतं
ठण्‌ ठण्‌ ठण्‌
जणू मला ऐकूच येत नाहीये.

एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही.
मी तिला खाली ठेवलं.
आपटलं नाही. ठेवलं.
पण हात जरा आधी सोडले.
मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला
आणि आकडे मोजले. एकेचाळीसला दाराची घंटा.

चौथ्या मजल्यावरचा म्हातारा वालेंती,
पायात नमद्याच्या सपाता.
एकतीस वर्षं गदिनियाच्या गोदीत
पोलादावर हातोडे पडताना आत उभा असलेला.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
त्यानं एका कानातलं यंत्र काढलं, मग दुसऱ्यातलं,
चपलांच्या कपाटावर, कालिनाच्या हातमोज्यांशेजारी ठेवली,
घेवड्याच्या दोन बिया.
बहिऱ्यांच्या मोठ्या आवाजात म्हणाला,
आता मला काय होणार आहे? तू जा जरा बाहेर.

गॅलरीत बर्फ होतं, मी घरातल्या चपलांत.
दूर क्रेनचे लाल दिवे. काच ओढून घेतली
आणि आवाज तुटला.

तेव्हा दिसली ती.
इतके दिवस फक्त ऐकली होती.
जीभ थरथरणारी, केस कपाळाला चिकटलेले,
मुठी अशा आवळलेल्या
की काहीतरी जड, तिच्याहून जड,
एकटीच जिन्यानं वर नेतेय.
खोड्या नव्हत्या त्या. कष्ट होते.

वालेंती भिंतीला टेकून बसला होता,
गुडघे वाकत नव्हते म्हणून पाय लांब सोडून.
तिला हात लावला नाही, खुळखुळा वाजवला नाही.
तळवा जमिनीवर सपाट ठेवून बसला होता फक्त.
तिच्या टाचांचा प्रत्येक ठोका
लाकडातून त्याच्या हातात जात असणार.
तो मान हलवत होता. हं. हं.

सहा पंचावन्नला थांबलं.
त्याच्यामुळे नाही, उगाच कुणाला श्रेय नको.
जसं आलं तसं गेलं.
तो उठला, भिंत धरून, दोनदा प्रयत्न करून.
यंत्रं उलटसुलट कानात घातली
तशी ती बारीक शिट्टी वाजवायला लागली
आणि कालिना, हुंदक्याच्या मध्येच,
शिट्टी कुठून येतेय ते बघत राहिली.

चहा नको म्हणाला. वर बातम्या लागल्या असतील.

मग तिनं केळं मागितलं.
दोन्ही तुकडे काळे पडले होते.
एक खाल्ला. दुसरा माझ्या तोंडात कोंबला,
बोटांसकट.

वहीत लिहिलं: सव्वा तास.
कारणाचा रकाना आज कोराच ठेवला.
उद्या पाच चाळीस आहेच.