ओढ

वडशाच्या मिस्त्रीनं सांगून टाकलं होतं, टर्बो गेला,
अडतीस हजार, मजुरी वेगळी.
म्हणून यादोराव सहारे गाडी घेऊन माझ्याकडे आले,
आरमोरी रस्त्याला, मोहाच्या झाडाखाली.
मागच्या सीटवर राजाचा मुकुट, एका पिशवीत मिशा,
आणि डिकीत सतरंजीत गुंडाळलेली पायपेटी.

'फागोजी, रिकामी असली तं पळते जी.
नट बसले का बसते.'
रात्री दहाला पडदा होता, सिंदेवाहीच्या पलीकडं.

स्कॅनर लावला. आकडा आला: पी शून्य दोन नऊ नऊ.
दाब कमी. तेवढंच सांगतो तो,
पोराच्या कपाळाला हात लावून
ताप आहे म्हणावं, तसं.
काऊन आहे, ते आपण शोधायचं.

हवेचा पाइप काढला, टर्बोची दांडी बोटानं हलवली:
वर-खाली केसभर, मागं-पुढं नाही.
पाती शाबूत. तेल टिपूसभर.
हा काही मेलेला नाही.

मग बाजूच्या डबीला हातपंप जोडून ओढ दिली.
तिची काडी सर्रकन आत गेली.
एक बिडी ओढून होईस्तोवर सुई जागची हलली नाही.
डबी धड, टर्बो धड,
आणि तरी गाडी चढाला रडते.

'दाब कमी म्हनता, अन् ओढ कायले देता?'
मी सांगितलं: टर्बोचं तोंड ही काडी लहान-मोठं करते,
काडीला ही डबी खेचते, डबीला इंजिनावरचा पंप.
तिकडं ओढ तुटली की इकडं दाब नाही.

ते हसले. 'मंग हे आमच्या पेटीसारखंच झालं बाप्पा.
लोकायले वाटते पायपेटी फुंकते.
फुंकत नाही जी ते, ओढते.
आपन पायानं आतली हवा काढाची,
बाहेरची सुरातून येते, तिच्या पायानं.'

उभ्या गाडीत घड्याळाची सुई पंचवीसवर.
खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.
पेटी उतरवून मोहाखाली ठेवली,
गिट्टीची सहा पोती चढवली, राजा-प्रधान-खलनायकाच्या वजनाची,
लांब नळी खिडकीतून आत घेतली,
घड्याळ यादोरावांच्या हातात दिलं.

'पंचवीस.'
कापलेल्या धानाच्या बांध्या मागं सरकत होत्या.
'पंचवीस.'
चढाला तिसऱ्यात पाय दाबला.
'चोवीस… अठरा… अरे, बारा आलं जी!'
गाडी बसली. आरशात काळा धूर.

यादोरावांनी डोळे मिटले.
'थांबा. शीळ आहे. बारीक.
काळी चारच्या जरा खाली.'

मला काही ऐकू आलं नाही.
पंधरा वर्षं ग्राइंडरजवळ उभा राहिलेला माणूस मी.

बोनेट वर. मी रेस दिली, इंजिन डोललं,
त्यांनी कान वाकवून बॅटरीमागं बोट दाखवलं.
क्लिपच्या खाली, पेन्सिलीएवढी रबरी नळी,
गरम होऊन मऊ, पोटाच्या अंगानं चिरलेली.
इंजिन ताणलं की चीर उघडते,
सैल पडलं की ओठ मिटते.
सकाळपासून दोनदा माझी बोटं तिच्यावरून गेली होती.

वीतभर नळी. चाळीस रुपये.
मजुरी सांगताना मी अडखळलो.
सापडवली तर त्यांनी.

जुना तुकडा त्यांनी फेकू दिला नाही.
तोंडाला लावून जोरानं फुंकला, मग ओढून पाहिला.
खिशात टाकला.
पेटी चढवली, मुकुट काचेजवळ,
आणि घाईत गेले, सुई पाहायची गरज न उरलेले.

रात्री साडेअकराला फोन. मागं टाळ्या, क्लॅरिनेट.
'फागोजी, तुमची दोन पोती गिट्टी इकडंच आली नं जी.
राहू द्या म्हटलं आता.
सिंहासन डुगडुगत होतं.'